न हललेली रेघ

१

पावणेदहा टन कथील नाहीसं झालं होतं, आणि बंदरसाहेबांच्या टेबलावर टोपण काढलेलं एक पेन पडलं होतं.

पेनाखाली कागद. कागदावर नीट टाइप केलेल्या सहा ओळी: गोदामातल्या मालात मी अफरातफर केली, मला पश्चात्ताप होत आहे, माझा राजीनामा स्वीकारावा. त्याखाली सहीसाठी ठिपक्यांची रांग. ती सकाळपासून रिकामी होती.

समोर गोदामवाला उभा होता. बंदरावर त्याला सगळे 'कुलूप' म्हणत. संध्याकाळी गोदाम बंद केलं की तो तीनदा कुलूप ओढून बघायचा, दहा पावलं चालायचा, मग परत येऊन चौथ्यांदा ओढायचा. अशी सव्वीस वर्षं गेली होती.

"घरचं माणूस समजून सांगतो," साहेब म्हणाले. "सही करा आणि शांतपणे घरी जा. पोलिसांना मी मध्ये आणणार नाही."

"मी घेतलं नाही."

"मग गेलं कुठं? बार्ज धक्क्याला लागली तेव्हा माल पुरा होता. आकडा बोलतो. गोदामातून काट्यावर गेला तेव्हा पावणेदहा टन कमी. मधे कोण होतं? तुम्ही आणि तुमचं कुलूप."

आकड्याची गोष्ट बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. नौकेच्या अंगावर फूटपट्टीसारखे आकडे रंगवलेले असतात. माल जास्त तितकी ती खोल बसते, आणि पाणी ज्या आकड्याला टेकेल तो लिहून घ्यायचा. माल भरून निघताना ही बार्ज दोन मीटर बुडालेली होती. इथं पोचली तेव्हाही दोन मीटर. रेघ हलली नाही, म्हणजे वाटेत कुणी हात लावला नाही. इतकं सोपं, इतकं सरळ.

"सही करणार नाही," कुलूप म्हणाला. आवाज बारीक होता, पण वाकलेला नव्हता.

"मग उद्या दुपारी बारा वाजता पोलीस येतील."

कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर कापडी पिशवी घेऊन एक बाई बसली होती. भावाला डबा द्यायला आलेली आणि कुणी उठ म्हटलं नाही म्हणून बसून राहिलेली. ती आता उठली. टेबलापाशी आली, पेनाला टोपण घातलं.

"शाई वाळते," ती म्हणाली. "बारापर्यंत वेळ आहे ना, साहेब?"

"आपण कोण?"

"ह्याची थोरली बहीण. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्या धुतल्या."

साहेबांना हसू आवरलं नाही. "आणि आता तपास करणार?"

"बाटली धुणाऱ्याला कळतं, साहेब," आक्का म्हणाली, "आधी तिच्यात काय होतं ते."

२

आक्का आधी काट्याकडे गेली. ट्रक तोलायचा मोठा काटा, आणि त्याच्या टपरीत त्याच्यासारखाच भक्कम काटेवाला.

"काटा खोटा आहे का, असं विचारायचंय ना?" तो म्हणाला. "विचारा. माझं स्वतःचं वजन ह्या काट्यावर दर महिन्याला वाढतं. ते मी कधी लपवलं नाही, तर कथील कशाला लपवू?"

"कुलपाचं आणि तुझं भांडण आहे म्हणतात."

"आहेच. दोन वर्षं बोलत नाही आम्ही. माझी छत्री त्यानं गोदामात आत ठेवून कुलूप लावलं आणि ऐन पावसात उघडायला तयार होईना. वेळ संपली म्हणे." त्यानं काट्यावर थाप मारली. "जो माणूस छत्रीसाठी कुलूप काढत नाही, तो चोरीसाठी काढेल? कुठंतरी पाणी मुरतंय, आक्का. पण माझ्या काट्यात नाही. कच्चं कथील गाळणाऱ्या भट्टीवाल्यांनी त्यांच्या काट्यावर पुन्हा तोललं. त्यांचंही पावणेदहा टनच कमी."

काटा खरा. आक्कानं मनातली एक बाटली धुऊन पालथी घातली.

धक्क्यावर रेघवाली होती. वय पंचविशीचं, हातात फळीला अडकवलेले फॉर्म, कानामागे पेन्सिल. नौकेचा आकडा वाचणं हे तिचं काम, आणि ते ती पोटावर पालथी पडून, तोंड पाण्यापासून वीतभर अंतरावर नेऊन करायची.

"मी चुकले असं म्हणायचंय का तुम्हाला?" तिनं आल्या आल्याच विचारलं. "सहा ठिकाणी वाचला. पुढं, मधे, मागं, दोन्ही अंगांना. दोन मीटर. लाट बसेपर्यंत थांबले. वाटल्यास माझी मान कापा, आकडा तोच राहील."

"मान राहू दे, पोरी. फॉर्म दाखव."

फॉर्मवर तारीख, वेळ, वारा, लाट, सहा आकडे, सही. सगळं मोत्यासारख्या अक्षरात.

"हा फॉर्म कुणी बनवला?"

"माझ्या जन्माआधीपासून हाच आहे." रेघवालीचा आवाज जरा खाली आला. "आक्का, मला कुलूपकाका चोर वाटत नाहीत. पण मी खोटा आकडा लिहू कसा?"

"लिहू नकोस. खऱ्या आकड्यालाच धरून राहा. उद्या त्याचीच गरज लागेल."

आपण असं का म्हणालो ते आक्कालाही नीट कळलं नाही. एवढंच कळत होतं की काटा खरा, आकडा खरा, भाऊ खरा. तीन खऱ्यांची बेरीज खोटी येत होती. मग चौथा कोण होता, ज्याला कुणी विचारलंच नव्हतं?

३

रिकामी बार्ज धक्क्याला उंच तरंगत होती. तांडेलानं हात पुढं करून आक्काला वर घेतलं, बसायला दोराचं वेटोळं दिलं, चहा दिला. गोड बोलणारा माणूस. त्याचे दोघे खलाशी त्याचेच भाचे होते, ते मान खाली घालून डेक घासत होते.

"वाईट वाटतं हो तुमच्या भावाचं," तांडेल म्हणाला. "पण पाणी खोटं बोलत नाही, आक्का. माझी रेघ जिथं होती तिथंच होती."

"नेहमी अशीच असते?"

"नेहमी. वीस वर्षं वरच्या खाणीवरून नदीनं माल आणला. भरताना जो आकडा, इथं तोच. आता ती खाण संपली. माल मोठ्या जहाजानं समुद्रबंदरात येतो, तिथून मी आणतो. ही पहिलीच खेप. पहिल्याच खेपेला हे असं, आणि तीन आठवडे इथंच अडकून पडलोय."

"वाटेत कुठं थांबलात?"

"मुखापाशी. समुद्र सोडून नदीत शिरतो तिथं, तिसऱ्या बोयाजवळ, ती तरंगती खूण असते ना, तिथं. सकाळी धुकं उतरलं, हात पुढं केला तर दिसेना. नांगर टाकला, इंजिन बंद केलं, तीन तास गप बसलो. वहीत लिहिलंय. किनाऱ्यावरच्या चौकीवाल्याला विचारा, त्यानंही काही ऐकलं नाही. हूं नाही की चूं नाही."

"इतक्या शांततेत कंटाळा आला असेल."

"झोपलो," तांडेल हसला.

उतरताना आक्काचा पाय निसटला. धक्क्याच्या शिडीवर तिनं बार्जच्या अंगाचा आधार घेतला, आणि हाताला काहीतरी चरचरीत लागलं. भरलेल्या बार्जला जिथवर पाणी होतं, त्याच्या वरच्या अंगाला एक पांढुरका पट्टा सुकला होता. आता नौका उंच असल्यानं तो थेट तिच्या तोंडासमोर आला होता. तीस वर्षांची सवय. तिनं बोट जिभेला लावलं.

खारट.

मग ती शेवटच्या पायरीवर बसली, ओंजळभर नदी उचलली आणि तीही चाखली. हे पाणी गोडं होतं. ह्याच पाण्याचा चहा तिनं आताच घेतला होता.

ती तशीच बसून राहिली, पाणी बोटांतून गळून जाईपर्यंत. शाळेत बाटल्या धुताना ती ओळी जुळवायची, कुणी ऐकत नसे म्हणून. आता ओळ आपोआप आली:

*खाऱ्या पाण्याच्या खांद्यावर, गोड्या पाण्याच्या कुशीत,*
*बाई, भावाचं गं नाव कोण बुडवी खुशीत.*

वरून रेघवालीनं वाकून पाहिलं. "आक्का, बरं वाटत नाहीये का?"

"फार बरं वाटतंय. मला सांग, त्या धुक्याच्या सकाळी मुखापाशी आणखी कुणी होतं?"

"कुणी नाही. म्हणजे..." ती ओशाळून हसली. "एक शिंपलेवाली आहे तिकडं, बुडी मारून शिंपले काढते. तिनं ऑफिसात अर्ज दिला होता. धुक्यात कुणीतरी साखळ्या खाली सोडून तिची जागा खराब केली म्हणून. साहेबांनी विचारलं, आवाज कुठल्या बाजूनं आला? तर म्हणे, सगळ्या बाजूंनी. आम्ही सगळे हसलो. अर्ज फायलीत गेला."

आक्का ताडकन उठली.

"सगळ्या बाजूंनी? अगदी हेच शब्द?"

"हेच."

"पोरी," आक्का म्हणाली, "उद्या पहाटेची पहिली बस किती वाजता सुटते?"

४

मुखाशी नदी आणि समुद्र एकमेकांत शिरत होते, मातकट आणि निळं, आणि मधली शीव कुणाला दाखवता आली नसती. शिंपलेवाली खडकावर बसून केस पिळत होती. हडकुळी, कातडी दोरासारखी चिवट.

"तूही हसायला आलीस?" तिनं विचारलं.

"नाही. तू पाण्याच्या आत असताना ऐकलंस ना आवाज?"

शिंपलेवालीचे हात थांबले. "हे मला त्या ऑफिसात कुणी विचारलं नाही. आतच. खाली गेले की साखळी, खडखड खडखड, जशी डोक्याच्या आत वाजतेय. वर आले की काही नाही. धुकं आणि जमिनीकडून समुद्राकडं सुटलेला वारा. पुन्हा खाली गेले की पुन्हा साखळी. बाई, मला वाटलं मी वेडी झाले."

"वेडी नाहीस. हवेत आवाज सावकाश येतो. एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित नंतर, त्यावरून आपल्याला बाजू कळते. पाण्यात तो चौपटीहून जास्त वेगानं येतो. दोन्ही कानांना जणू एकदमच. मग बाजू कळतच नाही, सगळीकडून वाजल्यासारखं वाटतं. तू बाजू सांगितली असतीस, तर मीच म्हटलं असतं की ही खोटं बोलते."

शिंपलेवालीनं केसांची गाठ मारली. मग नाक ओढून म्हणाली, "तीन आठवडे लोक मला 'सगळीकडून' म्हणून हाक मारतात."

"आज दुपारी त्यांना दुसरं नाव शोधावं लागेल. तुझी जागा खराब झाली म्हणालीस. कशानं?"

"ये, दाखवते."

ती तिसऱ्या बोयाकडं पोहत गेली आणि एका दमात खाली उतरली. आक्का खडकावर उभी राहून मोजत होती. चाळीस. साठ. सत्तर. पाणी मिटलेलंच होतं. ऐंशीला डोकं वर आलं, आणि मूठ.

मुठीत जे होतं ते पाहून आक्कानं पिशवीतून झाकणाची बाटली काढली. मग एक मोठा डबा काढून तो समुद्राच्या पाण्यानं काठोकाठ भरला.

"चल," ती म्हणाली. "ओल्या केसांनीच चल. बाराला थोडाच वेळ आहे."

५

बाराला दहा कमी असताना साहेबांच्या टेबलावर काचेची दोन उंच पात्रं होती. एकात समुद्राचं पाणी, एकात धक्क्यावरचं. भोवती साहेब, कुलूप, रेघवाली, काटेवाला, आणि मुद्दाम बोलावलेला तांडेल, त्याच्या मागं त्याचे दोघे भाचे. दारात शिंपलेवाली ठिबकत उभी होती. तिला पाहून कुणीतरी हसलं. ती त्याच्याकडं रोखून पाहत राहिली, तो गप्प होईपर्यंत.

"हे शाळेचं प्रदर्शन आहे का?" साहेब म्हणाले.

"शाळेतच शिकवतात हे," आक्का म्हणाली. "आपण विसरतो."

तिनं एक परीक्षानळी काढली. तळाशी वाळू, तोंडाला मेण, आत आलेखाच्या कागदाची पट्टी. "ही माझी बार्ज. समजा माल भरलाय." नळी खाऱ्या पाण्यात सोडली. ती उभी तरंगली. "पोरी, वाच."

रेघवाली सवयीनं टेबलावर पालथी पडली. "दहा सेंटिमीटर."

"आता गोड्या पाण्यात."

नळी पुसून दुसऱ्या पात्रात सोडली. रेघवालीनं वाचलं. पुन्हा वाचलं. तिचं तोंड पांढरं पडलं.

"सव्वादहा," ती म्हणाली. "अडीच मिलिमीटर जास्त बुडाली."

"मी काही वाढवलं का आत?"

"नाही."

"वजन तेच. पाणी बदललं. खारं पाणी जड, ते नौकेला उचलून धरतं. गोडं पाणी हलकं, त्यात ती जास्त खाली बसते. दहा सेंटिमीटरला अडीच मिलिमीटर, तर दोन मीटरला पाच सेंटिमीटर. तीन बोटं म्हणा." आक्का साहेबांकडं वळली. "कुणी हात लावला नसता, तर बार्ज इथं तीन बोटं जास्त बुडून यायला हवी होती. ती आली नाही. रेघ हलली नाही म्हणून तुम्ही माझ्या भावाला चोर म्हणालात. साहेब, रेघ हलली नाही हीच चोरी आहे."



"बार्ज तीस मीटर लांब, साडेसहा रुंद," आक्का पुढं म्हणाली. "तिला पाच सेंटिमीटर वर उचलायला किती वजन काढावं लागतं? पोरी, तू हिशेब कर. मी बाटल्या धुणारी."

रेघवालीची पेन्सिल फॉर्मच्या पाठीवर चालली आणि थांबली. "पावणेदहा टन," ती कुजबुजली.

काटेवाल्यानं सुस्कारा सोडला. "माझा काटा," तो म्हणाला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं कुलपाकडं पाहिलं.

तांडेल मात्र हसत होता. "वा, आक्का. पण मग समुद्रबंदरातच माल कमी भरला असेल. मला काय माहीत?"

"तिकडं सरकत्या पट्ट्यावर तोलून भरतात. साहेबांच्या फायलीतल्या पावतीवर तुमची सही आहे, दोनशे चाळीस टन."

"डिझेल जळालं. त्यानंही नौका हलकी होते."

"काही शे लिटर. त्यानं पाच सेंटिमीटर होत नाहीत, पाच मिलिमीटरसुद्धा नाही. वीस वर्षं तुम्ही गोड्यातून गोड्यात आलात, म्हणून ह्यांच्या फॉर्मात पाण्याचा रकाना नाही. ऑफिसात बसणाऱ्याला हे सुचलं नाही. पण ज्याच्या पायाखाली नौका खाली बसते, त्याला ते तळपायांनी कळतं. तुम्हाला पहिल्याच खेपेला कळलं. दुसरी नाव बाजूला घेतलीत, यारीच्या साखळीला लटकवलेल्या डब्यानं माल काढत राहिलात, आणि किती काढायचा तेही ठरलेलं होतं. गोड्या पाण्यात दोन मीटरवर येईल इतकाच. एक डबाही जास्त नाही."

"मी झोपलो होतो. चौकीवाल्यानं काही ऐकलं नाही."

"त्याचे कान हवेत होते," दारातून शिंपलेवाली म्हणाली. "माझे पाण्यात."

तांडेल तिच्याकडं वळला. "हिला तर बाजूही सांगता येत नाही."

"बाजू नाही सांगता येत. जागा सांगता येते." तिनं पुढं येऊन बाटली टेबलावर ठेवली. "तिसऱ्या बोयाखालची. तुमच्याच वहीत लिहिलेली जागा."

बाटलीत समुद्राचं पाणी होतं, आणि तळाशी दोन बोटं काळी वाळू. साहेबांनी बाटली हलवली. पाणी गढूळ झालंच नाही. काळे कण उठले आणि दगडासारखे खाली बसले.

"साधी वाळू वाहून गेली असती," आक्का म्हणाली. "हे जड आहे. डब्यातून सांडलं तिथंच बसलं, तीन आठवडे. पाण्यानं जपून ठेवलं. कच्चं कथील असंच असतं, काळ्या वाळूसारखं. भट्टीवाल्यांना दाखवा, कथील आहे की नाही ते सांगतील."

तांडेलाच्या मागं उभा असलेला धाकटा भाचा एकदम खाली बसला. "मामा," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, सांडतंय म्हणून."

६

पोलीस बारा वाजता आलेच, फक्त त्यांना दुसऱ्या माणसाला न्यायचं होतं.

खोली रिकामी झाल्यावर साहेबांनी घाम पुसला. "झालं गेलं विसरून जा," ते कुलपाला म्हणाले. "उद्यापासून कामावर या. हा कागद मी फाडून टाकतो."

"फाडू नका," कुलूप म्हणाला.

साहेबांचे हात थबकले.

"त्याच्यावर माझं नाव चोर म्हणून टाइप केलंय. काल अख्ख्या बंदरानं वाचलंय. तुम्ही फाडलात तर लोक म्हणतील, साहेबांनी दया केली. मला दया नको. त्याच सहा ओळींखाली लिहा, की हे खोटं आहे. आणि सही करा."

"मी? अहो, ऑफिसची पद्धत..."

"मग मी उद्या येणार नाही. किल्ली तुमच्याकडं. कुलूप चारदा ओढायला दुसरा माणूस शोधा."

आक्का खिडकीपाशी पात्रं रिकामी करत होती. भावाचा आवाज कालच्याइतकाच बारीक होता, पण आज खोलीत त्याच्यापेक्षा मोठं काही नव्हतं.

साहेबांनी दाराकडं पाहिलं. दारात काटेवाला उभा होता, जागचा हलत नव्हता. त्याच्या पाठीशी शिंपलेवाली. रेघवाली टेबलाच्या कडेला बसून कोऱ्या फॉर्मवर फूटपट्टी धरून एक नवा रकाना आखत होती, आणि त्याच्या माथ्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहीत होती: *पाणी कुठलं*.

"साहेब," ती मान वर न करता म्हणाली, "त्यांचं झालं की ह्याच्यावरही तुमची सही लागेल."

आक्कानं ओले हात पदराला पुसले, टेबलापाशी आली, काल आपणच बंद केलेल्या पेनाचं टोपण काढलं आणि ते साहेबांपुढं धरलं.

"शाई ओली आहे अजून," ती म्हणाली.

साहेबांनी सहा ओळींखाली 'हे खोटं आहे' असं लिहिलं आणि ठिपक्यांच्या त्या रिकाम्या रांगेवर सही केली.